‘प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे’ : अँग्लिकन व मेथडिस्ट सेवापदांच्या ऐक्याची भाषा

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण, रेव्हरंड टिळकांची कविता, लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे आणि पंडिता रमाबाईंचे लेखन यांवर स्थिरावते. ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या संहिता ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी मोठ्याने उच्चारल्या जातात, त्या उपासनाविधींच्या संहितांकडे वाङ्मयीन दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. विधीची भाषा ही वर्णनाची भाषा नव्हे, ती कृतीची भाषा असते. तेथे शब्द उच्चारला की काही घडते, निदान घडले असे मानले जाते. म्हणूनच तेथील एखादा शब्द ठेवावा की गाळावा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू शकतो.

अँग्लिकन आणि मेथडिस्ट या दोन चर्चांनी उपासना व सेवापद यांत परस्परांना सहभागी करून घेण्याचे जे प्रयत्न केले, त्यांचा इतिहास बऱ्याच अंशी अशाच एका प्रार्थनेच्या शब्दरचनेचा इतिहास आहे. लंडनमध्ये १९६९ आणि १९७२ मध्ये जी शब्दरचना मतदानात टिकली नाही, तिच्याशी निकटचे नाते असलेली शब्दरचना १९७० मध्ये नागपूरला स्वीकारली गेली. असे का झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

१

वादाचे मूळ अठराव्या शतकात आहे. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हे इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित धर्मगुरू होते आणि मरेपर्यंत त्यांनी ते चर्च सोडले नाही. मेथडिस्ट चळवळ ही त्यांच्या दृष्टीने त्या चर्चच्या अंतर्गत जागृती होती. वेगळा पंथ स्थापावा असा त्यांचा संकल्प नव्हता. परंतु अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील मेथडिस्ट मंडळ्यांना बाप्तिस्मा व प्रभुभोजन देण्यासाठी दीक्षित सेवक उरले नाहीत. लंडनच्या बिशपांकडे वेस्लींनी १७८० मध्ये केलेली विनंती निष्फळ ठरली होती. अखेर सप्टेंबर १७८४ मध्ये ब्रिस्टल येथे त्यांनी स्वतःच व्हॉटकोट आणि व्हेझी या दोघांवर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली आणि टॉमस कोक यांना अमेरिकेसाठी ‘सुपरिंटेंडंट’ नेमले.

अँग्लिकन व्यवस्थेत दीक्षा देण्याचा अधिकार बिशपचा. वेस्ली बिशप नव्हते. परंतु लॉर्ड किंग यांच्या आद्य चर्चविषयक ग्रंथाच्या वाचनानंतर, १७४६ पासून, बिशप आणि प्रेस्बिटर ही मुळात एकच श्रेणी होती असे त्यांचे मत बनले होते. त्या मताप्रमाणे ते वागले. त्यांचे बंधू चार्ल्स यांना हे मुळीच रुचले नाही. सहा हजारांवर स्तोत्रगीते लिहिणारा हा कवी १७८८ मध्ये वारला तेव्हा त्याचे दफन त्याच्या इच्छेनुसार मॅरिलबोनच्या अँग्लिकन पॅरिश चर्चच्या आवारात झाले. एकाच घरातील दोन भावांत हा प्रश्न असा उभा राहिला होता.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे एका संहितेकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. त्याच १७८४ साली वेस्लींनी अमेरिकेतील मेथडिस्टांसाठी १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली. प्रार्थनांचा साचा, लय आणि पुष्कळसे शब्द त्यांनी जसेच्या तसे ठेवले. मात्र दीक्षाविधींच्या भागात ‘बिशप’च्या जागी ‘सुपरिंटेंडंट’ आणि ‘प्रीस्ट’च्या जागी ‘एल्डर’ हे शब्द घातले. उपासना बहुतांशी तीच राहिली, सेवकाचे नाव तेवढे बदलले. पुढील दोन शतकांचा सगळा गुंता या फेरफारात बीजरूपाने दिसतो. अमेरिकेतील मंडळींनी लवकरच ‘सुपरिंटेंडंट’ टाकून पुन्हा ‘बिशप’ हा शब्द उचलला आणि वेस्ली त्यावर संतापले, हा या प्रकरणाचा थोडा विनोदी उपसंहार. ब्रिटनमधील मेथडिस्टांनी मात्र बिशप स्वीकारले नाहीत. वेस्लींच्या निधनानंतर, १७९५ च्या तहनाम्याने, ज्या प्रार्थनागृहांतील बहुमताची तशी इच्छा असेल तेथे मेथडिस्ट प्रचारकांनीच प्रभुभोजन द्यावे असे ठरले. व्यवहारात विभाजन तेथे पुरे झाले.

२

‘प्रीस्ट’ या शब्दाची अडचण मराठीत जितकी स्पष्ट दिसते तितकी ती इंग्रजीत दिसत नाही. व्युत्पत्तीने हा शब्द ग्रीक ‘प्रेस्बिटेरॉस’चा, म्हणजे ज्येष्ठ किंवा वडील माणसाचा, वंशज आहे. परंतु यज्ञ करणाऱ्या, बळी अर्पण करणाऱ्या पुरोहितासाठी ग्रीकमध्ये जो ‘हिएरेउस’ हा निराळा शब्द आहे, त्याच्या अनुवादासाठीही इंग्रजीने ‘प्रीस्ट’च वापरला. दोन अर्थ एका शब्दात मिसळले. त्यामुळे इंग्रज माणूस ‘प्रीस्ट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मंडळीचा ज्येष्ठ आहे की वेदीपुढचा पुरोहित, हे त्याला स्वतःलाही दरवेळी सांगता येतेच असे नाही.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांना ही सोय नव्हती. त्यांनी पहिल्या अर्थासाठी ‘वडील’ आणि दुसऱ्यासाठी ‘याजक’ असे दोन शब्द योजले. बिशपसाठी ‘अध्यक्ष’ आणि डीकनसाठी ‘सेवक’ आले. परिणामी मराठी नवा करार वाचणाऱ्याला मंडळीत ‘वडील’ नेमल्याचे दिसते. ‘याजक’ हा शब्द त्याला यरुशलेमच्या मंदिरातील पुरोहितांसाठी आणि इब्री लोकांस पत्रात ख्रिस्तासाठी आढळतो. इंग्रजीने झाकून ठेवलेला प्रश्न मराठीने भाषांतराच्या टेबलावरच उघडा केला. वेस्लींनी १७८४ मध्ये जे केले तेच, वेगळ्या कारणाने, येथे घडले असे म्हणता येईल.

बोलीभाषेने मात्र या दोहोंहून निराळा मार्ग काढला. मराठी मंडळींत सेवकाला ना ‘वडील’ म्हणून हाक मारतात ना ‘याजक’ म्हणून. ते ‘पाळकसाहेब’ असतात. मेंढपाळाच्या रूपकातून आलेला हा शब्द दीक्षेच्या स्वरूपाविषयी काहीच ठरवीत नाही, आणि म्हणूनच तो सर्व पंथांत चालतो.

३

उपासनेतील सहभाग आणि सेवापदातील सहभाग या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. पहिल्या गोष्टीत फारशी अडचण कधी नव्हतीच. चार्ल्स वेस्लींची गीते अँग्लिकन स्तोत्रसंग्रहांत एकोणिसाव्या शतकातच रुळली होती. ब्रिटिश मेथडिस्टांच्या १९३६ च्या विधिग्रंथातील प्रभुभोजनाचा पहिला क्रम १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाच्या अगदी जवळचा होता. महाराष्ट्रातही हेच घडले. नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेतले. पण त्यांची पदे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट अशा सर्व मंडळ्यांतून गायिली जातात आणि गाणाऱ्याला पदकर्त्याचा पंथ विचारावासा वाटत नाही. पाळकांची देवघेव होण्यापूर्वी पदांची देवघेव होऊन गेलेली असते.

दुसरी गोष्ट कठीण. मेथडिस्ट सेवकावर बिशपने हात ठेवलेले नाहीत, मग त्याने दिलेले प्रभुभोजन अँग्लिकनाच्या दृष्टीने काय ठरते? अँग्लिकन म्हणतो, त्याला बिशपकडून दीक्षा घेऊ द्या. मेथडिस्ट म्हणतो, तसे केले तर आजवर मी जे दिले ते पोकळ होते अशी कबुली द्यावी लागेल. यात केवळ मानापमान नाही. एका माणसाने आयुष्यभर केलेल्या सेवेत देव होता की नव्हता, हा प्रश्न आहे. मराठी वाचकाला हा पेच समजावून घेण्यास पंक्तिव्यवहाराची उपमा उपयोगी पडावी. एका पंक्तीत बसणे दोघांना मान्य आहे, वाढणाऱ्याच्या हाताविषयी मात्र एकाच्या मनात शंका आहे. उपमा ताणू नये, कारण येथे शंका जन्माविषयी नसून अधिकाराच्या परंपरेविषयी आहे. पण वाढणाऱ्याला होणारी वेदना फारशी वेगळी नसावी.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पेचाचे एक ठळक उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन उच्चचर्च परंपरेतल्या होत्या. ज्या नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा रमाबाईंवर प्रभाव पडला, तेही काउलीच्या अँग्लिकन संन्यासी संघाच्या निकट होते. बिशपांच्या अखंड परंपरेबाहेर चर्च पूर्णत्वाने असत नाही, ही त्या वर्तुळातील गृहीत गोष्ट होती. रमाबाईंनी ती स्वीकारली नाही. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रकाशित केलेला त्यांचा पत्रव्यवहार पाहिला म्हणजे दिसते की आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सभासद आहोत, परंतु बिशप किंवा धर्मगुरू यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा पत्रव्यवहार सामान्यतः स्त्रीमुक्तीच्या व वसाहतवादाच्या संदर्भात वाचला जातो. तो तसा वाचलाच पाहिजे. पण इंग्लंडमधील चर्च आणि ‘डिसेंटर’ यांच्यातील जुन्या भिंतीवर एका मराठी स्त्रीने दिलेली ती थापही आहे. पुढे टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही ख्रिस्तभक्त यावेत अशी कल्पना होती. या दोन्ही घटना पंथैक्याच्या वाटाघाटींत मोडत नाहीत. पंथभेद हा आपला प्रश्नच नव्हे, असे मानणाऱ्या मनांचे त्या दर्शन घडवितात.

४

इंग्लंडमधील वाटाघाटींना आर्चबिशप जेफ्री फिशर यांच्या नोव्हेंबर १९४६ मधील केंब्रिजच्या प्रवचनाने चालना मिळाली. अधिकृत संवाद १९५५ मध्ये सुरू झाला, १९६३ मध्ये प्रस्ताव आला आणि १९६८ मध्ये योजनेला अंतिम रूप मिळाले. योजना दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात दोन्ही चर्चे वेगळी राहून परस्परांचे सेवक स्वीकारतील, तर दुसऱ्यात, केव्हातरी, एक होतील.

पहिल्या टप्प्याची गुरुकिल्ली म्हणजे ‘समेटाचा विधी’. यात दोन्ही बाजूंच्या सेवकांवर हात ठेवले जाणार होते. मेथडिस्ट सेवकांसाठीच्या प्रार्थनेत देवाने आपला आत्मा त्यांतील प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे द्यावा, अशा आशयाचे शब्द होते. सारे ओझे या ‘गरजेप्रमाणे’वर होते. ज्याला वाटते की मेथडिस्ट सेवकाला दीक्षा मिळालेलीच नाही, त्याने समजावे की त्याची गरज दीक्षेची असून ती आता भागली. ज्याला वाटते की दीक्षा आधीच पूर्ण आहे, त्याने समजावे की त्याला गरज केवळ विस्तारलेल्या सेवेसाठी आशीर्वादाची आहे. विधी काय करतो हे संहिता सांगत नाही, ते ज्याच्याकडे प्रार्थना केली त्याच्यावर सोपवते.

काव्यात ज्याला आपण श्लेष म्हणतो तो हा नव्हे. श्लेषात दोन्ही अर्थ कवीला अभिप्रेत असतात आणि वाचकाने दोन्ही घ्यावेत अशी अपेक्षा असते. येथे प्रत्येकाने एकच अर्थ घ्यावा, पण शेजाऱ्याने दुसरा घेतला तरी तोच शब्द उच्चारावा, अशी रचना आहे. तेव्हाचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी तिचे समर्थन केले. त्यांच्या मते दोन सेवापदे आज समान नाहीत, परंतु त्यांतील नेमका भेद आपल्याला सांगता येत नाही. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव न आणता देवाकडे मागणे, हाच प्रामाणिकपणा होय. थोडक्यात, त्यांच्या लेखी ही संदिग्धता लबाडी नसून अज्ञानाची कबुली होती.

विरोधकांना ती लबाडीच वाटली. बॅरेट, स्नेथ, जेसप व मीडली या चार मेथडिस्ट सदस्यांनी १९६३ च्या अहवालालाच भिन्नमतपत्रिका जोडली होती. ज्या फिशर यांनी आरंभ केला तेही निवृत्तीनंतर विरोधात गेले. १९७० मध्ये तर एक विलक्षण ग्रंथ निघाला. ग्रॅहम लेनर्ड व एरिक मॅस्कल हे दोन अँग्लो-कॅथलिक आणि जे. आय. पॅकर व कॉलिन ब्यूकॅनन हे दोन इव्हँजेलिकल यांनी मिळून त्यात पर्यायी योजना मांडली. एका गटाला विधी पुरेसा ‘दीक्षा’ वाटत नव्हता, दुसऱ्याला तो अनाठायी ‘दीक्षा’ वाटत होता. शब्दाने स्पष्ट बोलावे, या एका आग्रहावर मात्र ते एकत्र आले.

८ जुलै १९६९ रोजी एकाच दिवशी मतदान झाले. मेथडिस्ट कॉन्फरन्समध्ये ७७ टक्क्यांहून अधिक मते योजनेच्या बाजूने पडली. अँग्लिकन धर्मसभांत ६९ टक्के पडली, आवश्यक होती ७५ टक्के. मे १९७२ मध्ये नव्या जनरल सिनडने पुन्हा कौल घेतला, तेव्हा प्रमाण ६५.८१ टक्क्यांवर घसरले. बहुमत दोन्ही वेळा होते, परंतु ठरविलेली उंची गाठली गेली नाही.

५

या दोन मतदानांच्या मधोमध, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांचे मिळून १९२४ मध्ये झालेले युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स ही सहा चर्चे तीत विलीन झाली. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, म्हणजे टिळकांची मंडळी, आणि नाशिकच्या शरणपूरची अँग्लिकन परंपरा यांना एका छताखाली आणणारी ही घटना आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासात तिची नोंद जवळजवळ नसावी, याचे आश्चर्य वाटते.

दक्षिण भारतात २७ सप्टेंबर १९४७ रोजी ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन होताना वेगळा मार्ग घेतला गेला होता. असलेले सर्व सेवक आहेत तसे स्वीकारायचे आणि यापुढील दीक्षा बिशपांनी द्यायच्या. त्याची किंमत अशी की जगभरच्या अँग्लिकनांनी या नव्या चर्चला दीर्घकाळ पूर्ण सहभागिता दिली नाही. उत्तरेच्या योजनेने म्हणून आरंभीच सेवापदांच्या एकीकरणाचा विधी ठेवला. सर्व घटक चर्चांच्या सेवकांनी परस्परांवर हात ठेवायचे, नागपूरला प्रातिनिधिक स्वरूपात आणि पुढे धर्मप्रांतांतून, आणि प्रत्येकाला जे हवे असेल ते द्यावे अशी देवाला प्रार्थना करायची. हा विधी पुनर्दीक्षा नव्हे, असे योजनेने म्हटले. पण तो नेमका काय आहे, याची व्याख्या करण्याचेही टाळले. इंग्लंडच्या समेटविधीमागे हीच कल्पना होती.

मग येथे ती कशी चालली? पहिले कारण रचनेचेच आहे. लंडनमध्ये बाजू दोन होत्या, नागपूरला सहा. दोन बाजू असल्या की कोण कोणाला काय देतो हा हिशोब अटळ होतो. सहा जणांनी एकमेकांवर हात ठेवले की देणारा-घेणारा हा भेद पुसट होतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमध्ये विधीनंतरही दोन चर्चे उरणारच होती. दुसऱ्या दिवशी अँग्लिकन आपल्या चर्चमध्ये व मेथडिस्ट आपल्या चॅपेलमध्ये जाणार आणि कालच्या शब्दांचा अर्थ आपापल्या घरी बसून लावणार. नागपूरला विधीनंतर परतायला जुनी घरे उरली नाहीत. संदिग्ध शब्दाला आधार देणारी कृती, म्हणजे प्रत्यक्ष विलीनीकरण, तेथे त्याच दिवशी घडली. शब्द अपुरा होता, पण त्याचा अर्थ पुढच्या सहजीवनाने लावायचा होता. लंडनच्या विधीला ते सहजीवन केवळ आश्वासनरूपाने लाभले होते.

तथापि नागपूरचे यश अखंड नव्हते. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी होऊन १९७० मध्येच बाहेर राहिले आणि १९८१ पासून ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ म्हणून स्वतंत्रपणे नांदत आहे. मुंबईत विल्यम टेलर यांच्या १८७१ च्या प्रचारातून उगवलेली आणि जॉर्ज बोवेन यांच्यासारख्या मिशनऱ्याने आपलीशी केलेली ही परंपरा. तिला बिशप होतेच, अमेरिकेने वेस्लींचा राग पत्करून उचललेल्या त्या शब्दाचे वारसदार. ज्याला बिशप नाहीत त्याला बिशप देणे एका परीने सोपे असते. ज्याला आहेत त्याला ते पुन्हा घ्यायला सांगणे अवघड. म्हणून मराठी मुलखातील अनेक शहरांत आजही सी.एन.आय.चे व मेथडिस्टांचे चर्च वेगवेगळे आहे, दोहोंत ‘पाळकसाहेब’ आहेत, आणि टिळकांची पदे दोन्हीकडे आहेत.

६

इंग्लंडने पुढे लहान पावले टाकली. इमारतींच्या सामायिक वापराचा कायदा १९६९ मध्येच झाला होता. इतर चर्चांच्या सभासदांना अँग्लिकन प्रभुभोजनात घेण्याची मुभा १९७२ मध्ये मिळाली. १९८९ च्या बी ४३ व बी ४४ या धर्मनियमांनी परस्परांच्या सेवकांना प्रवचन व उपासना यांत बोलावण्याची, आणि संयुक्त स्थानिक मंडळ्यांत त्यांनी आपापल्या विधीने प्रभुभोजन देण्याचीही वाट मोकळी केली. या दुसऱ्या नियमाची भाषा वाचण्यासारखी आहे. अशा उपासनेची सूचना शक्यतो आधीच्या रविवारी द्यावी, विधी कोणता व अध्यक्षपदी असणारा सेवक कोणत्या चर्चचा हे त्यात सांगावे, आणि ती उपासना इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीची म्हणून दाखवू नये. समेटविधीच्या संदिग्धतेची ही नेमकी उलट बाजू. तेथे काही न सांगता सर्वांना एकत्र आणायचे होते, येथे सर्व काही सांगून एकत्र बसवायचे आहे. किरकोळ भासणाऱ्या बाबीही याच ओळीत येतात : अँग्लिकन नियमाला द्राक्षाचा आंबवलेला रस लागतो, ब्रिटिश मेथडिस्ट न आंबवलेला वापरतात.

१ नोव्हेंबर २००३ रोजी वेस्टमिन्स्टर येथे दोन्ही चर्चांनी करार केला. परस्परांची चर्चे खरी आहेत आणि परस्परांची सेवापदे देवाने दिलेली व त्याच्या कृपेची साधने आहेत, असे त्यात मान्य झाले. एवढे मान्य करूनही सेवकांची अदलाबदल मात्र झाली नाही. आयर्लंडने ती केली. तेथील दोन्ही चर्चांचा करार २००२ चा, आणि मेथडिस्ट कॉन्फरन्सच्या अध्यक्षपदाला बिशपपदाच्या परंपरेशी जोडून २०१४ मध्ये तेथे सेवापदांची परस्परमान्यता प्रत्यक्षात आली. इंग्लंडमध्ये त्याच धर्तीचा अहवाल २०१७ मध्ये आला. यापुढील मेथडिस्ट दीक्षा बिशपच्या हातून होतील, पण सध्याच्या मेथडिस्ट प्रेस्बिटरांना पुन्हा हात न ठेवता अँग्लिकन मंडळ्यांत सेवा करता येईल, असे त्यात सुचविले होते. हा काळ सोसण्याजोगा अपवाद मानावा, असे अहवालकर्त्यांचे म्हणणे. जनरल सिनडने २०१८ व २०१९ मध्ये त्यावर चर्चा केली, परंतु तो धर्मनियम झालेला नाही. अडचण पुन्हा तीच, एका पिढीच्या सेवकांची.

त्या पिढीचा प्रश्न नागपूरच्या विधीने सोडविला की फक्त निभावून नेला, यावर मतभेद होऊ शकतो. १९७० नंतर सी.एन.आय.मधील प्रत्येक दीक्षा बिशपच्या हातूनच झाली. त्या दिवशी परस्परांवर हात ठेवणारे सेवक निवृत्त झाले, पुष्कळसे निवर्तले. ज्यांच्यासाठी ती प्रार्थना रचली होती ते गेल्यावर तिच्यातील ‘गरजेप्रमाणे’ या शब्दाचा नेमका अर्थ विचारणारेही मंडळीत कोणी उरले नाही.